जंगलात गाणी भरपूर, पण माद्या कुठायत?

छोट्या पक्ष्यांची मोजणी बऱ्याचदा कानांनीच होते. झाडीत धड काही दिसत नाही, मग पहाटे उभं राहून कुठून कुठून गाणं येतंय ते नकाशावर टिपायचं आणि एका गाण्यामागे एक जोडी धरायची. गोची अशी की बऱ्याच जातींत गातो तो मुख्यतः नर, आणि जोडी न जमलेला नर तर जमलेल्यापेक्षा जास्तच गातो, दिवसभर चालू. म्हणजे माद्या कमी झाल्या की जंगल उलट जास्त गजबजलेलं वाटणार आणि आपण म्हणणार, चला, बरं चाललंय की!

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या डस्की सीसाइड स्पॅरोचं बघा. डास मारायला दलदलीत पाणी भरलं, नंतर उरलीसुरली जागाही गेली, आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पक्षी सापडले ते सगळे नर. 1987 मध्ये त्यातला शेवटचाही मेला.

आता माद्याच का कमी पडतात? अंड्यातून तर नर-मादी साधारण सारखेच निघतात. बिघडतं ते पुढे. पक्षीशास्त्रज्ञ पॉल डोनाल्ड यांनी 2007 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तर प्रौढ पक्ष्यांत नर जास्त असणं कॉमनच निघालं, आणि धोक्यातल्या जातींत तर अजूनच. बहुतेक जातींत रात्री अंड्यांवर मादी बसते, त्यामुळे उंदीर किंवा साप आला की अंडी जातात आणि तीही जाते, नर मात्र बाजूच्या फांदीवर सुखरूप. शिवाय तरुण माद्या जन्मल्या जागेपासून लांब जातात, नर जवळपासच ठाण मांडतात. जंगलाचे तुकडे झाले असले तर त्या लांबच्या प्रवासात धोका कुणाला, ते सांगायला नकोच.

बरं, नर उरले म्हणून त्यांना नीट गाता येतंच असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या रीजंट हनीईटरचे काहीशेच पक्षी शिल्लक आहेत. पिल्लांनी गाणं शिकायचं ते मोठ्या नरांकडून, पण आसपास मोठे नरच नाहीत, मग 2021 च्या अभ्यासात सुमारे 12 टक्के नर चक्क दुसऱ्याच जातींची गाणी म्हणताना सापडले. असल्या नरांची जोडी जमायची शक्यताही कमी. मला तर हे संख्या घटण्यापेक्षाही जास्त भयानक वाटतं.

उलट बाजूने, एक मादी काय करू शकते ते न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवर दिसलं. 1980 मध्ये ब्लॅक रॉबिन फक्त 5 उरले होते आणि त्यात वंश पुढे नेणारी मादी एकच, ओल्ड ब्लू, तीही वय झालेली. तिथले पक्षी वाचवायचं काम करणारे डॉन मर्टन आणि टीमने तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालणार. आज आहेत ते सगळे ब्लॅक रॉबिन तिचेच वंशज. फक्त यात एक लोचा झाला, काही माद्या अंडं घरट्याच्या मध्ये न घालता काठावर घालायच्या, ते वाया जायचं म्हणून माणसं आत सरकवून ठेवायची, आणि ही सवय पोरींकडे उतरत उतरत 1989 पर्यंत जवळपास निम्म्या माद्यांत पसरली. मग सरकवणं बंद केलं, आणि नंतरच्या वर्षांत काठावर अंडी घालणाऱ्या माद्या पुष्कळ कमी झाल्या.