फिनॉमेनॉलॉजी आणि विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान: फरक नेमका कुठे?

तत्त्वज्ञानाच्या या दोन परंपरांपैकी फिनॉमेनॉलॉजी म्हणजे आपल्याच मनात डोकावून भावना टिपणं आणि विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान म्हणजे शब्दांचा कीस पाडणं, अशी सर्रास समजूत असते. यातली पहिली तर साफ चुकीची आहे.

तर्काचे नियम म्हणजे माणसाचं मन कसं चालतं याचे नियम, हे मत एकोणिसाव्या शतकात जोरात होतं. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांना ते अजिबात पटत नव्हतं. १८९४ साली त्यांनी पुढे फिनॉमेनॉलॉजीचे जनक ठरलेल्या एडमुंड हुसर्ल यांच्या अंकगणितावरच्या पुस्तकावर याच मुद्द्यावरून कडाडून टीका केली. पुढे १९०० साली खुद्द हुसर्ल यांनीच त्या मताचं सविस्तर खंडन केलं. म्हणजे तेव्हा दोघांचा शत्रू एकच होता. अर्थ हा कुणा एकाच्या डोक्यातली खाजगी गोष्ट नव्हे, हे दोघांनाही सांगायचं होतं.

फ्रेगे भाषेकडे वळले. पहाटे दिसणारी शुक्राची चांदणी आणि संध्याकाळी दिसणारी चांदणी, ग्रह एकच. तरी 'पहाटेची चांदणी हीच संध्याकाळची चांदणी' हे कळायला आकाशाचा अभ्यास करावा लागला. निर्देश, म्हणजे शब्द जिच्याकडे बोट दाखवतात ती वस्तू, एक; अर्थ, म्हणजे ती दाखवण्याच्या रीती, दोन. इथून वाक्यांची तार्किक रचना उलगडण्याची परंपरा, म्हणजे विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान, सुरू झाली.

हुसर्ल अनुभवाकडे वळले. वस्तू आपल्याला अनुभवात कशा दिसतात याचं वर्णन करणं, ही त्यांची फिनॉमेनॉलॉजी. हातात एक फासा धरा. एका वेळी फार तर तीन बाजू दिसतात, तरी आपण 'तीन चौकोन पाहिले' असं म्हणत नाही. आपण अख्खा फासा पाहतो. तो फिरवल्यावर मागची बाजू पोकळ निघाली तर दचकतो. म्हणजे न दिसणारी बाजू पाहण्यात आधीच धरलेली होती. ही माझ्या मनःस्थितीची नोंद नव्हे. घन वस्तू पाहणाऱ्या कुणालाही ती अशीच, एकेका बाजूने दिसणार. फासा खरोखर आहे की नाही हा प्रश्न हुसर्ल तेवढ्यापुरता बाजूला ठेवतात. फाशाचं अस्तित्व नाकारत नाहीत. अनेकांची गल्लत इथेच होते.

दोन्ही परंपरांचं फाटलं ते पुढे. १९२९ सालच्या व्याख्यानात हुसर्ल यांच्या परंपरेतल्या मार्टिन हायडेगर यांनी 'काहीच नाही' याला जणू एखादी वस्तू मानलं, असा विश्लेषणात्मक परंपरेतल्या रुडॉल्फ कार्नाप यांचा आक्षेप होता. 'बाहेर पाऊस आहे' आणि 'बाहेर काहीच नाही' ही वाक्यं सारखी दिसतात, पण दुसऱ्यात कशाचंही नाव नाही, फक्त नकार आहे. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. पण त्यावरून सगळी फिनॉमेनॉलॉजी मोडीत काढणं हा अन्याय आहे. फाशाच्या वर्णनाला तो लागूच होत नाही.

१९७४ साली अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी, वटवाघूळ असण्याचा अनुभव कसा असतो, हा प्रश्न विश्लेषणात्मक परंपरेत राहूनच विचारला. लेखाच्या शेवटी त्यांनी अनुभवाच्या एका नव्या अभ्यासाची गरज मांडली आणि त्याला नाव दिलं: वस्तुनिष्ठ फिनॉमेनॉलॉजी.