असाइनमेंट की लायसन्स? विद्यापीठातला शोध कंपनीकडे जातो तेव्हा

‘विद्यापीठाचे तंत्रज्ञान उद्योगाकडे हस्तांतरित’ अशा मथळ्याखाली एक फोटो असतो. कुलगुरू, कंपनीचे संचालक आणि दोघांच्या हातात सामंजस्य कराराची फाइल. त्या फाइलमध्ये शोधाची मालकी गेली की नुसती वापराची परवानगी गेली, हे मात्र बातमीत क्वचितच सापडतं. सही करणाऱ्या प्राध्यापकांनाही पुष्कळदा ते नेमकं ठाऊक नसतं आणि त्याची किंमत पुढची वीस वर्षं मोजावी लागते. पेटंटची मुदत तेवढीच असते.

पेटंट दुसऱ्याला देण्याचे मुख्य मार्ग दोन. असाइनमेंट म्हणजे मालकी कायमची दुसऱ्याच्या नावावर करणं. लायसन्स म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून वापराचा परवाना देणं, तोही ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक प्रदेशात, ठरावीक कामापुरता. जमीन खरेदीखताने देणं आणि खंडाने कसायला देणं यात जो फरक आहे, साधारण तोच. फक्त एका ठिकाणी ही तुलना तुटते आणि तिथेच लायसन्सची खरी ताकद आहे. एक शेत एका हंगामात एकालाच कसता येतं. एक पेटंट मात्र एकाच वेळी शेकडो जणांना देता येतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडण्याची पद्धत शोधली. तिच्या पेटंटसाठी १९७४ मध्ये अर्ज झाला आणि १९८० मध्ये पहिलं पेटंट मिळालं. आजच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाचा पायाच तो. विद्यापीठाने ते कोणा एका बड्या औषध कंपनीला विकलं नाही. सुरुवातीला दहा हजार डॉलर, पुढे दरवर्षी किमान दहा हजार आणि विक्रीवर माफक रॉयल्टी, अशा अटींवर मागेल त्याला लायसन्स दिलं. १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी ते घेतलं आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर मिळाले. पेटंट असाइन केलं असतं, तर एक रकमी चेक मिळाला असता आणि इतर कंपन्यांचं भवितव्य त्या एका मालकाच्या मर्जीवर राहिलं असतं.

सगळ्यांना लायसन्स हा उपाय प्रत्येक शोधाला लागू पडत नाही. गुगलचे एक संस्थापक लॅरी पेज यांची वेबपानांना क्रम लावण्याची पद्धतही स्टॅनफर्डच्याच मालकीची होती. तिच्यावर कंपनी उभी करायची तर गुंतवणूकदार पहिलाच प्रश्न विचारणार, हीच पद्धत उद्या दुसऱ्याला मिळाली तर? म्हणून तिथे एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीला खास लायसन्स दिलं गेलं. मोबदल्यात विद्यापीठाने गुगलचे अठरा लाख शेअर घेतले आणि ते विकून २००५ पर्यंत ३३.६ कोटी डॉलर मिळवले. पेटंट तरीही विद्यापीठाच्याच नावावर राहिलं.

खरा गोंधळ होतो तो या एक्सक्लुझिव्ह लायसन्सपाशी. एकदा का तंत्रज्ञान एकाच कंपनीला दिलं, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही असं कबूल केलं, की मालकी दिल्यासारखंच झालं ना? भारतीय पेटंट कायद्याच्या कलम १०९ नुसार तर अशा परवानाधारकाला पेटंटचं उल्लंघन करणाऱ्यावर मालकासारखाच दावा लावता येतो. मग फरक तो काय उरला?

कंपनीचं बरं चाललेलं असतं तोवर फारसा उरत नाही. कंपनी अडचणीत आली, विकली गेली किंवा तिने तंत्रज्ञान फडताळात टाकून दिलं, की तो उघडा पडतो. लायसन्सच्या करारात ‘अमुक वर्षांत उत्पादन सुरू झालं नाही तर परवाना रद्द’ अशी अट घालता येते, आणि तो रद्द झाला की विद्यापीठ दुसरा भागीदार शोधू शकतं. असाइनमेंटनंतर पेटंट कंपनीच्या मालमत्तेत जमा होतं. कंपनी दिवाळखोरीत गेली तर ते यंत्रं, जागा, फर्निचर यांच्यासोबत देणी फेडण्यासाठी विकायच्या यादीत जाऊन बसतं. विद्यापीठाला मग स्वतःच्याच शोधावर पुढचं काम करायला परक्या मालकाची परवानगी मागावी लागू शकते. लायसन्समध्ये ‘संशोधन आणि अध्यापनासाठी वापराचा हक्क आमच्याकडे राहील’ एवढं एक वाक्य घालून ही अडचण टळते. हे वाक्य नसलेल्या करारावर कोणत्याही विभागप्रमुखाने सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पैशांची घडणही वेगळी. असाइनमेंटला बहुधा एकरकमी किंमत. लायसन्सला सुरुवातीची फी, मग टप्प्याटप्प्याच्या रकमा, विक्रीवर रॉयल्टी आणि विक्री होवो न होवो द्यायची वार्षिक किमान रक्कम.

एका वाक्याने गेलेली मालकी

या दोन गोष्टींतली सीमारेषा किती बारीक असू शकते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाली काढलेल्या स्टॅनफर्ड विरुद्ध रोश या खटल्यात दिसतं. आपल्याकडच्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला तो समजावून सांगायला हवा, इतका तो मोलाचा आहे.

१९८८ मध्ये एक तरुण डॉक्टर स्टॅनफर्डमध्ये संशोधक म्हणून रुजू झाला. रुजू होताना त्याने लिहून दिलं की माझ्या शोधांचे हक्क विद्यापीठाला असाइन करायला मी कबूल आहे. पुढे विद्यापीठानेच त्याला पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र शिकण्यासाठी सीटस या कंपनीत पाठवलं. पीसीआर विकसित झालं ते याच कंपनीत. दारातून आत जाण्यापूर्वी त्याच्यापुढे पाहुण्यांसाठीचा गोपनीयतेचा फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं की इथल्या कामातून निघालेल्या शोधांचे हक्क मी कंपनीला असाइन करीन आणि याद्वारे करतो आहे. त्याने सही केली.

तिथे काही महिने काम करून त्याने रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याची पद्धत बसवली. विद्यापीठात परतल्यावर ती तपासली गेली आणि विद्यापीठाने पेटंटं घेतली. दरम्यान १९९१ मध्ये सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश कंपनीने विकत घेतला आणि रोशचे एचआयव्ही तपासणीचे किट जगभर विकले जाऊ लागले. २००५ मध्ये स्टॅनफर्डने दावा ठोकला. रोशने तो जुना फॉर्म पुढे केला आणि सांगितलं, या पेटंटांत आम्हीही मालक आहोत.

न्यायालयांनी दोन कागद शेजारी ठेवले. विद्यापीठाला दिलेला कागद पुढे कधीतरी असाइन करण्याचं वचन होता. कंपनीला दिलेल्या कागदाने असाइनमेंट तिथल्या तिथे झाली होती. वचनापेक्षा झालेला व्यवहार भारी ठरला आणि स्टॅनफर्डचा दावा टिकला नाही. विद्यापीठाचा आणखी एक मुद्दा होता. संशोधनाला सरकारी पैसा होता आणि १९८० च्या बाय-डोल कायद्यानुसार अशा संशोधनाचे हक्क आपोआप विद्यापीठाकडे येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की तो कायदा असं काही करत नाही. शोधाचा पहिला मालक शोध लावणारा माणूसच आणि त्याच्याकडून विद्यापीठाकडे हक्क यायला कागदच लागतो.

आपल्याकडेही सरळ गृहीत धरलं जातं की पगार विद्यापीठाचा, प्रयोगशाळा विद्यापीठाची, म्हणजे शोध विद्यापीठाचा. भारतीय पेटंट कायद्यात नोकरदाराचा शोध आपोआप मालकाचा होण्याची तरतूद नाही. संस्थेच्या नावाने अर्ज करायचा तर शोध लावणाऱ्यांकडून हक्क मिळाल्याचा पुरावा कलम ७ खाली द्यावा लागतो. एमटेक किंवा पीएचडीचे विद्यार्थी तर नोकरदारही नसतात. तेव्हा संशोधकाकडून विद्यापीठाकडे असाइनमेंट आणि विद्यापीठाकडून कंपनीकडे लायसन्स अशी दोन पावलांची वाट बहुतेक वेळा बरोबर असते, आणि पहिलं पाऊल पक्कं नसेल तर दुसरं हवेत पडतं.

इन्सुलिनच्या बाबतीत ही वाट १९२३ मध्येच चालून दाखवली गेली. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला असाइन केले. उत्पादनाची परवानगी मात्र विद्यापीठाने लायसन्सनेच दिली. इलाय लिली या अमेरिकी औषध कंपनीला खास हक्क मिळाला तो सुरुवातीच्या काळापुरता. त्यानंतर इतर उत्पादकांनाही वाट मोकळी राहिली. एक डॉलरची गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. मला मात्र विद्यापीठाने पुढे मालकी सोडली नाही, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते.

पुण्यातल्या दोन लसी

कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन यांना ३ जानेवारी २०२१ रोजी एकाच दिवशी आपत्कालीन मंजुरी मिळाली, आणि दोन्हींचे धागे पुण्याशी जुळतात. कोव्हिशिल्ड हे लायसन्सचं सरळ उदाहरण आहे. लस ऑक्सफर्ड विद्यापीठाची, हक्क अ‍ॅस्ट्राझेनेकाला लायसन्सने आणि त्यांच्याकडून जून २०२० मध्ये मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटला पुढचं लायसन्स, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी शंभर कोटी डोसचं. सीरमने कोट्यवधी लोकांना टोचलेली लस बनवली म्हणून ती सीरमच्या मालकीची झाली नाही.

कोव्हॅक्सिनची रचना असाइनमेंट आणि लायसन्स या दोन्हींपेक्षा वेगळी. विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) प्रयोगशाळेने, आणि लस केली हैदराबादच्या भारत बायोटेकने. सरकारने संसदेत सांगितलं की बौद्धिक संपदा दोघांची आहे आणि निव्वळ विक्रीवर आयसीएमआरला पाच टक्के रॉयल्टी मिळते. पण जून २०२४ मध्ये उघड झालं की पेटंटच्या अर्जात आयसीएमआरचं नावच नव्हतं. कंपनीने ती अनवधानाने झालेली चूक असल्याचं सांगून सहमालक म्हणून नाव घालण्याची पावलं उचलली. सामंजस्य करारात काय लिहिलं आहे आणि पेटंट कार्यालयात कोणाचं नाव आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या मोठ्या प्रकल्पातही डोळ्यांआड झालं.

सहमालकी कानाला समजुतीची वाटते, म्हणून अनेक संस्था वाटाघाटीत तिथेच थांबतात. मला ती धोक्याची वाटते. कलम ५० नुसार वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो आणि त्यातल्या कमाईचा हिशेब दुसऱ्याला देणं लागत नाही. लायसन्स द्यायला किंवा आपला वाटा विकायला मात्र इतर सहमालकांची संमती लागते. आता बघा, कंपनीकडे कारखाना आहे, ती लगेच वापर सुरू करते. विद्यापीठाकडे कारखाना नाही, त्याला कमाईचा एकच मार्ग म्हणजे लायसन्स, आणि त्यावर कंपनीचा नकाराधिकार. बरोबरीची दिसणारी भागीदारी एका बाजूला झुकते. सहमालकीच करायची असेल तर रॉयल्टी आणि लायसन्सची पूर्वसंमती करारातच लिहून घ्यावी.

आणखी एक जोड गोष्ट. पेटंटचं लायसन्स म्हणजे उत्पादन करता येईलच असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या हाफकिनला कोव्हॅक्सिन बनवण्याची मुभा मिळाली ती तंत्रज्ञान हस्तांतराच्या रूपात, कारण जिवंत विषाणू वाढवण्यासाठी खास सुरक्षिततेचा प्रकल्प, प्रक्रियेची माहिती आणि प्रशिक्षित माणसं लागतात. हे ज्ञान पेटंटमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून चांगल्या लायसन्समध्ये त्याचं वेगळं कलम असतं.

असाइनमेंट नेहमीच वाईट, असं मात्र नाही. कंपनीने स्वतःचा प्रश्न आणला, पूर्ण खर्च दिला आणि तिच्याच यंत्रात बसणारी एखादी छोटी सुधारणा विद्यापीठात करून घेतली, तर ती असाइन करणं रास्त आहे. दरवर्षीची नूतनीकरणाची फी भरायची ऐपत किंवा इच्छा नसेल तरीही. अशा वेळी किंमत ठरवताना पुढच्या विक्रीतला वाटा मागायला संकोच करू नये. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेला शोध निधी देणाऱ्या खात्याच्या मंजुरीशिवाय विद्यापीठाला सहसा दुसऱ्या कोणाला असाइन करता येत नाही. शोध व्यवस्थापन हेच मुख्य काम असलेल्या संस्थेला दिला तरच सूट. आपल्या निधी देणाऱ्या संस्थांनी हा नियम उचलावा असं मला मनापासून वाटतं.

सहीपूर्वी बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. करार लेखीच हवा आणि सगळ्या अटी त्यातच हव्यात, नाहीतर कलम ६८ नुसार असाइनमेंटही वैध नाही आणि लायसन्सही नाही. झालेला व्यवहार पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत कलम ६९ खाली चढवून घ्यावा, कारण न नोंदवलेला कागद हक्काचा पुरावा म्हणून सहसा चालत नाही. कंपनी ‘या शोधावर पुढे होणाऱ्या सुधारणाही आमच्या’ असं कलम घालते, ते शोधून काढावं. त्या एका कलमाने लायसन्सच्या वेष्टनात भविष्यातल्या संशोधनाची असाइनमेंट होऊन जाते. आणि इंटर्नशिपला, कारखाना बघायला किंवा एखादं यंत्र शिकायला कंपनीत जाणाऱ्या विद्यार्थ्याने फाटकापाशी सहीसाठी पुढे केलेला फॉर्म आधी आपल्या मार्गदर्शकाला आणि विद्यापीठाच्या पेटंट कक्षाला पाठवावा. त्यात हक्क असाइन करण्याचं वाक्य असेल तर ते खोडायला सांगावं. खोडत नसतील तर त्या दिवशी सही करू नये.