जो थॉमस

थॉमस, जो (जोसेफ हेडन थॉमस) : (जन्म ४ डिसेंबर १९८४). अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडू. जन्म विस्कॉन्सिन राज्यातील ब्रुकफील्ड येथे. २००७ ते २०१७ या अकरा हंगामांत तो नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) क्लीव्हलँड ब्राउन्स या एकाच संघाकडून लेफ्ट टॅकल (आक्रमक फळीच्या डाव्या कडेचा खेळाडू) म्हणून खेळला. सलग १०,३६३ स्नॅप (काही सेकंदांचा एकेक डाव) मैदान न सोडण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे.

या विक्रमाचे मोल कळायला आक्रमक फळीचे काम माहीत हवे. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल अशी ही पाच जणांची फळी असते. सेंटरने चेंडू मागे दिला की डाव सुरू होतो. तो क्षण म्हणजे स्नॅप. त्यानंतरचे काही सेकंद प्रतिस्पर्ध्यांना क्वार्टरबॅकपर्यंत (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूपर्यंत) पोहोचू द्यायचे नाही, किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, एवढेच या पाचांचे काम. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा त्यांना सहसा नसते. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले तर संघाला दहा यार्डांचा दंड होतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे वळलेली असते. तिथून येणारा हल्ला त्याला दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकलवरची जबाबदारी सर्वांत मोठी. क्रिकेटच्या धावफलकात फलंदाजाच्या धावा आणि गोलंदाजाचे बळी मांडलेले असतात. या खेळाडूच्या नावापुढे मांडण्यासारखे मात्र काहीच नसते. तो चुकला की क्वार्टरबॅक आडवा होतो आणि तेवढेच सगळ्यांना दिसते.

थॉमस विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून फुटबॉल खेळला, शिवाय गोळाफेक आणि थाळीफेकही करत असे. जानेवारी २००६ मध्ये ऑबर्न विद्यापीठाविरुद्धच्या कॅपिटल वन बोल या हंगामअखेरच्या सामन्यात बचाव फळीत माणसे कमी पडल्याने त्याला तिथे उतरवले गेले आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात तो परतला आणि देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनमनला (फळीतल्या खेळाडूला) मिळणारा आउटलँड करंडक त्याने जिंकला. २८ एप्रिल २००७ रोजी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात) ब्राउन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. निवड होण्याची खात्री असलेले खेळाडू तेव्हा त्या दिवशी न्यूयॉर्कच्या मंचावर मिरवत. थॉमस मात्र वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता.

त्याच्या पहिल्या हंगामात ब्राउन्सने १० सामने जिंकले आणि ६ गमावले, तरी बाद फेरी हुकली. त्यानंतर तो खेळत असेपर्यंत संघाला एकाही हंगामात निम्मे सामने जिंकता आले नाहीत. थॉमसच्या अकरा हंगामांचा हिशेब ४८ विजय आणि १२८ पराभव असा आहे. २०१६ मध्ये संघाने एकच सामना जिंकला, तर २०१७ मध्ये सोळाच्या सोळा गमावले. सहा मुख्य प्रशिक्षक आले, वीस जणांनी क्वार्टरबॅक म्हणून सामन्याला सुरुवात केली. प्रत्येकाची चेंडू हातात धरून ठेवण्याची वेळ वेगळी, पळण्याची दिशा वेगळी. त्या प्रत्येकाशी थॉमसला नव्याने जुळवून घ्यावे लागले. २०१५ च्या हंगामात त्याला डेन्व्हर ब्रॉन्कोस या संघाकडे पाठवण्याची बोलणी झाली, पण व्यवहार ठरला नाही. त्याच हंगामात ब्रॉन्कोसने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. थॉमसच्या वाट्याला बाद फेरीचा एकही सामना आला नाही.

प्रस्तुत विक्रम याच पार्श्वभूमीवर पाहायला हवा. सामना हातचा गेला की संघ अनेकदा मुख्य खेळाडूंना बाहेर बसवून राखीव खेळाडू उतरवतात, आणि ब्राउन्सवर अशी वेळ वारंवार येत होती. तरीही दहा वर्षांहून अधिक काळ थॉमस एका स्नॅपसाठीही बाहेर बसला नाही. केवळ दणकट शरीर एवढ्याने हे साधत नाही. पावलांची अचूक मांडणी, हात नेमके कधी पुढे करायचे याची जाण आणि समोरच्याच्या सवयींचा अभ्यास यांमुळे तो तोल जाण्याचे, अंगावर कोणी कोसळण्याचे प्रसंगच कमी येऊ देई. कारकीर्दीतील पहिल्या दहाही हंगामांत त्याची प्रो बोलसाठी (हंगामातील निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवड झाली. आक्रमक फळीतल्या कोणालाही तोवर हे जमले नव्हते. ऑल-प्रोच्या (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात तो सहा वेळा होता.

२२ ऑक्टोबर २०१७ रोजी टेनेसी टायटन्सविरुद्ध क्लीव्हलँडमध्येच खेळताना त्याच्या डाव्या दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू फाटला आणि ही मालिका तुटली. तो त्याचा सलग १६७ वा सामना होता. मार्च २०१८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

खेळत असताना त्याचे वजन १४० किलोच्या आसपास असे. एवढे वजन टिकवायला भूक नसतानाही खात राहावे लागे. निवृत्तीनंतर त्याने वीस किलोंहून अधिक वजन उतरवले. पुढे तो दूरचित्रवाणीवर खेळाचे विश्लेषण करू लागला. पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, ओहायोतील कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.