हलायचं नाही, म्हणजे नक्की किती?

17 जून 1978. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्प सर्किटवर ब्रॅबम संघाच्या फॉर्म्युला वन गाडीच्या शेपटाला एक भलामोठा पंखा बसवलेला होता. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, आली की मेकॅनिक त्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून टाकायचे. पण झाकून झाकणार किती? जागेवर उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अख्खी गाडी जमिनीकडे दबायची, आणि हे बघायला तंत्रज्ञ असायची गरज नव्हती. ही गाडी चालवणाऱ्या निकी लाउडाने ती शर्यत 34 सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली. त्यानंतर ती गाडी एकाही शर्यतीत उतरली नाही.

त्या पंख्यावरून जो वाद पेटला तो मोटर रेसिंगमध्ये आजही वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. त्याच्या मुळाशी निव्वळ भौतिकशास्त्राचा एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते अभियंत्यांच्या प्रामाणिकपणाची चर्चा करण्याआधी तो प्रश्न समजून घ्यायला हवा.

रेसिंग कारचं सगळं गणित टायरच्या पकडीवर चालतं. टायरवर भार जास्त, तर पकड जास्त. पण हा भार वजन वाढवून आणला तर वळणावर तेवढंच जास्तीचं वजन वळवावंही लागतं, मग हाती काही लागत नाही. वजन न वाढवता भार हवा असेल तर हवेलाच कामाला लावावं लागतं. त्या हंगामात लोटस संघाने गाडीच्या पोटाला बोगद्यासारखे आकार देऊन हे साधलं होतं. गाडी आणि रस्ता यांच्यामधल्या अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि वरच्या हवेचा दाब गाडीला रस्त्यावर रेटतो. ब्रॅबमला हा रस्ता बंद होता. त्यांचं अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं इंजिन इतकं आडवं पसरलेलं होतं की बोगद्यांना जागाच उरत नव्हती. म्हणून डिझायनर गॉर्डन मरे यांनी गाडीखालची हवा सरळ पंख्याने उपसायची ठरवली.

या उपशात किती ताकद असते ते साध्या आकड्यांत बघता येतं. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 1 लाख न्यूटन असतो. गाडीच्या पोटाचं क्षेत्रफळ 3 चौरस मीटर धरलं आणि तिथला दाब फक्त 1 टक्क्याने उतरवला, तरी गाडीवर 3,000 न्यूटनचा, म्हणजे साधारण 300 किलो वजनाइतका जादा भार येतो. तेव्हाच्या गाड्यांचं वजनच 600 किलोच्या आसपास होतं. शिवाय विंगमुळे, म्हणजे गाडीवर बसवलेल्या उलट्या पंखासारख्या फळीमुळे, मिळणारा भार वेगाच्या वर्गावर ठरतो, वेग निम्मा झाला की भार पाव उरतो. पंखा मात्र गिअरबॉक्सवर चालत होता, त्यामुळे त्याचा उपसा इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरायचा. संथ वळणांवर, जिथे इतरांची पकड सुटायची, नेमकी तिथे ही गाडी चिकटून राहायची.

नियम असा होता की हवेच्या बळाचा फायदा मिळवून देणारा कोणताही भाग हलता असता कामा नये. पंखा तर गरगर फिरत होता. त्यावर ब्रॅबमचं म्हणणं होतं की पंख्याचं मुख्य काम इंजिन थंड ठेवणं हे आहे, आणि पंखा रेडिएटरमधून हवा ओढत होता हेही खरंच होतं. लाउडाचा विजय कायम राहिला. पण बाकीचे संघ खवळले होते. ब्रॅबमचे मालक बर्नी एकलस्टोन हे संघांच्या संघटनेचेही नेते असल्याने त्यांनी गाडी मागे घेतली, आणि पुढे नियामक मंडळाने पंख्यांना कायमचा दरवाजा बंद केला.

हलत्या भागांवरची ही बंदी कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती. 1968-69 च्या सुमारास गाड्यांवर उंच, काटकुळ्या दांड्यांवर विंग उभ्या असत. 1969 च्या स्पॅनिश ग्रां प्रीत, बार्सिलोनाच्या मोंटज्युईक पार्कमध्ये, लोटसच्या दोन्ही गाड्यांच्या विंग एकाच चढावर कोसळल्या. आधी ग्रॅहम हिलची, मग योखेन रिंटची. रिंट जखमी झाला. दोन आठवड्यांनी मोनॅकोत सराव सुरू झाल्यानंतर उंच विंगवर बंदी आली. पुढे विंग परतल्या त्या उंचीच्या मर्यादेत आणि गाडीच्या अंगाला घट्ट बसवलेल्या. नियमाच्या शब्दांत सांगायचं तर, त्या भागाला हालचालीची कसलीही मुभा असू नये.

मेख इथेच आहे. कसलीही हालचाल न करणारी वस्तू जगात नसते. पोलाद असो की कार्बन फायबर, भार आला की ते वाकतं; प्रश्न फक्त किती एवढाच. म्हणजे नियमाने जे मागितलं आहे ते निसर्गात मिळत नाही. मग तपासनीसाला एक आकडा ठरवावा लागतो: इतका भार टाकला तर इतक्या मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. आणि आकडा आला की कारखान्यातल्या अभियंत्याच्या लेखी नियम तोच होतो.

मरे यांनी हे 1981 मध्ये फार सुंदर दाखवून दिलं. त्या वर्षी गाडी आणि जमीन यांच्यात किमान 6 सेंटिमीटर अंतर सक्तीचं झालं, म्हणजे पोटाखालचं शोषण कमी होईल. अंतर मोजायचं कुठे? पिटमध्ये, गाडी उभी असताना. मरे यांनी सस्पेन्शनमध्ये द्रव आणि हवा वापरून एक व्यवस्था बसवली. गाडी वेगात आली की हवेच्या भाराने ती खाली दबायची आणि सस्पेन्शनमधला द्रव बारीक छिद्रातून टाकीत जायचा. छिद्र बारीक असल्याने तो परतही हळूहळूच यायचा, त्यामुळे पुढच्या वळणावर वेग कमी झाला तरी गाडी खालीच राहायची. शर्यत संपल्यावर चालक एक फेरी संथपणे मारून परतेपर्यंत गाडी वर आलेली असायची आणि मोजणीत अंतर बरोबर 6 सेंटिमीटर भरायचं. रस्त्यावरून धावताना कुणाचीच गाडी सतत 6 सेंटिमीटर राखू शकत नाही, टायरही दबतात, सस्पेन्शनही दबतं, हा बचाव खोडून काढणं अवघड होतं. इतर संघांनी कुरकुर केली आणि मग तसंच काहीतरी आपापल्या गाडीत बसवलं. नेल्सन पिके त्या वर्षी ब्रॅबममधून विश्वविजेता झाला.

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत अन्यायकारक निकाल मात्र 2006 चा आहे. रेनॉ संघाने गाडीच्या नाकात सुमारे 10 किलोचं एक वजन स्प्रिंगांच्या मध्ये बसवलं होतं. फॉर्म्युला वनचं सस्पेन्शन दगडासारखं कडक असतं, त्यामुळे गाडी उसळते ती बरीचशी टायरवरच, कारण हवेने भरलेला टायर स्वतःच एक स्प्रिंग असतो. वजन आणि स्प्रिंग यांची जोडी नेमक्या त्या उसळीच्या तालावर जुळवली की गाडी वर जाताना वजन खाली आणि गाडी खाली येताना वजन वर जातं, आणि उसळी जिरते. तैपेई 101 या उंच इमारतीत वाऱ्याने येणारं डोलणं जिरवायला 660 टनांचा लंबक टांगला आहे, त्यामागचं तत्त्व हेच.

हे वजन नाकाच्या आत पूर्ण बंद होतं. बाहेरच्या हवेचा त्याला स्पर्शही नव्हता. तरी फिया या मोटर रेसिंगचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेने भूमिका घेतली की उसळी जिरल्याने गाडीची जमिनीपासूनची उंची स्थिर राहते, त्याने हवेच्या बळात फायदा होतो, सबब हा हलता वायुगतिकीय भाग आहे. जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या शर्यतीत स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, गाडी वैध ठरवली. तेव्हा फियाने आपल्याच स्टुअर्डांच्या निर्णयाविरुद्ध अपील केलं, आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केलं. हा तर्क पुरता लावला तर सस्पेन्शनचे डँपरही बेकायदा ठरतील, कारण त्यांचंही काम गाडीची उसळी जिरवणं हेच आहे. सुरक्षिततेसाठी आलेला नियम इथे एका उत्तम कल्पनेच्या गळ्याशी लावला गेला असं मला वाटतं. रेनॉच्या फर्नांडो अलोन्सोने त्या वर्षीचं विजेतेपद तरीही पटकावलं.

2010 मध्ये मॅक्लारेनने हलत्या भागाची अडचण वेगळ्याच बाजूने सोडवली. गाडीच्या नाकावरून आत येणाऱ्या हवेच्या नळीला चालकाच्या कक्षात एक भोक होतं. सरळ रस्त्यावर चालक ते गुडघ्याने बंद करायचा, की हवेचा प्रवाह वाट बदलून मागच्या विंगमधल्या फटीतून बाहेर पडायचा. त्याने विंगवरचा प्रवाह विस्कटायचा, हवेचा अडथळा कमी व्हायचा आणि गाडी जास्त वेग घ्यायची. हलणारा भाग कुठला, तर चालकाचा गुडघा! आणि चालकाला अचल राहायला नियम सांगू शकत नाही. फियाने ते वैध मानलं. इतरांनी नक्कल केली, काहींचे चालक त्यासाठी एका हाताने गाडी चालवू लागले, आणि पुढच्या वर्षापासून संघांच्या सहमतीने हा प्रकार थांबला. 2020 मध्ये मर्सिडीजचा चालक स्टिअरिंग पुढेमागे ओढून पुढच्या चाकांचा कोन बदलू लागला. रेड बुलने तक्रार केली की हे चालत्या गाडीत सस्पेन्शन बदलणं आहे. स्टुअर्डनी ते स्टिअरिंगचाच भाग मानलं, पण 2021 च्या नियमांत त्यावर बंदी आली.

अशा तक्रारींआधी एक शांत डाव खेळला जातो, तो बाहेर फारसा दिसत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत काहीतरी आहे असा संशय आला की संघ फियाला पत्र लिहून विचारतो: आम्ही अमुक रचना केली तर चालेल का? स्वतःला ती करायचीच नसते. उत्तर नकारार्थी आलं की ते सगळ्या संघांना लागू होतं आणि समोरच्याची पंचाईत होते.

सध्याचा वाद लवचिक विंगचा आहे, आणि यातलं विज्ञान मला सर्वांत मोहक वाटतं. कार्बन फायबरचे थर कोणत्या दिशेला तोंड करून रचायचे यावर तो भाग कुठे ताठ आणि कुठे मऊ राहील ते ठरवता येतं. तपासणीत विंगवर ठरावीक बिंदूंवर भार टाकतात. धावताना हवा मात्र संपूर्ण पृष्ठभागावर रेटा देते. त्यामुळे तपासणीच्या बिंदूवर ताठ आणि हवेच्या पसरलेल्या भाराखाली पीळ घेणारी विंग बनवणं शक्य असतं. सरळ रस्त्यावर ती थोडी मागे कलते, अडथळा कमी होतो. वळणावर वेग उतरला की पुन्हा उभी राहते. सप्टेंबर 2024 मध्ये बाकूच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या मागच्या विंगच्या फळीची कड वेगात किंचित उचलली जाताना कॅमेऱ्यात दिसली. विंग प्रत्येक तपासणीत पास झालेली होती. फियाशी बोलणं झाल्यावर संघाने ती बदलायचं मान्य केलं.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. दिलेल्या मोजपट्टीत बसणारी वस्तू बनवणं हेच त्यांचं काम आहे. मोजपट्टी अपुरी असेल तर ती सुधारायला हवी. फियाने तेच केलं. विंगवर खुणेचे ठिपके लावून धावत्या गाडीवरच्या कॅमेऱ्याने वाकणं टिपलं, आणि 2025 च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून पुढच्या विंगच्या दोन्ही बाजूंना 100 किलोचा भार देऊन 15 मिलिमीटरची मुभा 10 मिलिमीटरवर आणली.

2026 च्या नियमांत तर पुढची आणि मागची विंग शर्यतीत हलवायची परवानगीच सगळ्यांना मिळाली आहे: सरळ रस्त्यावर आडवी, वळणावर उभी. पण हलत्या विंगला बिजागरी लागते, दांडे लागतात, आणि यांतला प्रत्येक जोड भाराखाली थोडा वाकतो, थोडा सैल पडतो. उभ्या स्थितीत विंग किती वाकते, आडव्या स्थितीत किती, आणि त्यातलं किती बिजागरीचं व किती फळीचं, हे वेगळं काढणं एका अखंड विंगपेक्षा बरंच किचकट आहे.