पार्श्वभूमी : अत्तरदाणीपासून मूडपर्यंत

मुलाखतीला जाताना कोणता परफ्यूम लावावा, पावसाळ्यात कोणता टिकतो, मन उदास असेल तेव्हा कोणती बाटली उघडावी, असे प्रश्न आता सर्रास विचारले जातात. विचारणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या असतात. घरात दोन-चार बाटल्या आहेत आणि त्यांतली कोणती लावायची हे ठरवणारे आपणच आहोत. मराठी घरांत या दोन्ही गोष्टी अलीकडच्या. वेळ पाहून वास निवडायची रीत मात्र फार जुनी आहे. फरक इतकाच, की निवड ऋतू करायचा, पंचांग करायचे, नाहीतर यजमान करायचा.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंधी द्रव्ये बनवण्याच्या कलेवर, स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लासा'त राजाने अंगाला कोणते लेप लावावेत याचे वर्णन आहे आणि ते ऋतूप्रमाणे बदलते. आपल्या दृष्टीने त्याहून जवळचा पुरावा म्हणजे 'गंधवाद'. सुगंधी द्रव्ये कशी बनवावीत हे सांगणारा हा संस्कृत ग्रंथ मराठी टीकेसह मिळाला. पुण्यातल्या एका अभ्यासकाने ती पोथी 1940 च्या दशकात प्रकाशात आणली आणि टीकेचा काळ साधारण 1350 ते 1550 च्या दरम्यानचा ठरवला. म्हणजे तेल कसे सुवासिक करायचे, धूप कसा घडवायचा हे कोणीतरी मराठीत समजावून सांगत होते, कारण मराठीत समजून घेणारे कोणी होते. या पोथीची माहिती आपल्या शाळकरी पुस्तकांत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

दरबारी काळात अत्तराला निरोपाचा अर्थ चिकटला. विडा, अत्तर आणि गुलाबपाणी आले की बैठक संपली असे समजायचे. 'अत्तरगुलाब' हा जोडशब्द त्यातूनच रुळला. इंग्रजांनी ही रीत उचलली आणि तिला दर्जाचे मोजमाप केले. कोणत्या संस्थानिकाला अत्तर-पान खुद्द व्हाइसरॉयच्या हातून मिळावे आणि कोणाला त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडून, हे आधीच ठरलेले असे. वास कोणता यापेक्षा तो कोणाच्या हातून मिळाला याला किंमत होती.

घरगुती समारंभातही तेच. लग्नाच्या मांडवात किंवा चैत्राच्या हळदीकुंकवात अत्तर लावायची पद्धत आठवून पाहा. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळलेला असतो, काडी अत्तरदाणीत बुडवलेली. पाहुणी उजवा हात पालथा करून पुढे धरते, त्यावर एक रेघ ओढली जाते, ती दुसऱ्या हाताची पाठ त्यावर घासते आणि हात नाकाशी नेते. मग गुलाबदाणीचे दोन शिंतोडे, कैरीची डाळ, वाळ्याचा वास असलेले थंडगार पाणी. पाहुणीला कोणता वास आवडतो हे कोणी विचारत नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या हाताला एकच वास येतो आणि घरी परतल्यावरही तो सांगत राहतो की ही कुठून आली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचेही असेच. नागरमोथा, आंबेहळद, गवला, कपूरकाचरी, वाळा घातलेले उटणे वर्षातून मोजके दिवस बाहेर निघते, म्हणूनच त्या वासाला दिवाळी म्हणतात.

या सामाईक वासाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हळदीकुंकवाचे अत्तर सवाष्णीच्या हातालाच लागायचे. घरातली विधवा आत्या किंवा काकू माजघरात डाळ वाटत असायची आणि अत्तरदाणी तिच्यापर्यंत जायची नाही. वास कोणी लावायचा नाही हेही प्रसंगच ठरवत होता. आपल्या मनाला येईल तेव्हा, कोणी हात पुढे करायला सांगितला नसताना वास लावता येणे हे ज्यांना नाकारले गेले त्यांच्यासाठी छोटे नव्हते. 'मूडनुसार परफ्यूम' हा चोचला आहे असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

ऋतूची वाटणी अत्तरवाल्यांनी जपली. उन्हाळ्यात खस, मोगरा, केवडा, गुलाब. थंडीत हिना, शमामा, अंबर, केशर. पहिल्या पावसाला मिट्टी, म्हणजे भाजलेल्या मातीचे अत्तर. यामागे नुसती हौस नाही. जड, गरम वास मे महिन्याच्या घामात डोके दुखवतात आणि खस डिसेंबरच्या गार हवेत कातडीवर पुरता उमलत नाही. उत्तर प्रदेशातले कनौज हे अत्तराचे जुने गाव, तिथल्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी उकळते, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीपासून असलेले चंदनाचे तेल तो वास धरून ठेवते. खरे अत्तर हे असे. चंदन महाग आणि दुर्मीळ झाल्यावर आधाराला पातळ पॅराफिन आणि रासायनिक द्रावके आली, नाव मात्र तेच राहिले. बाजारात 'अत्तर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याचशा कुप्यांत चंदनाचा थेंबही नसतो.

बाटलीतल्या विलायती वासाचा इथला इतिहास लिहिताना सगळे एकदम 1991 च्या खुल्या बाजारावर उडी मारतात. त्याआधीचा खरा तिढा 1949 चा आहे आणि तो दारूबंदीच्या कायद्याने घातला. त्या वर्षीच्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्याची व्याख्या इतकी रुंद होती की अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तीत बसत होता. व्हिस्की तर बसलीच, पण कोलनवॉटर आणि लॅव्हेंडर वॉटर हे अल्कोहोलमधले हलके सुगंधही बसले. कागदावर पाहिले तर ड्रेसिंग टेबलावरची कोलनची बाटली आणि हातभट्टीची बाटली एकाच शब्दाखाली आली. तेलाच्या आधारावरचे अत्तर मात्र या व्याख्येबाहेर राहिले. तेलातले 'अत्तर' आणि अल्कोहोलमधले 'सेंट' हा भेद आपण सहज बोलण्यात करतो, त्याला त्या कायद्याने अचानक वजन आणले.

ज्यांच्या घरी कोलनवॉटर होते त्यांच्याकडे ते शोभेला नव्हते. आमच्याकडे ती निमुळती बाटली आजीच्या कपाटात, औषधांच्या खणात असायची. ताप चढला की बशीत गार पाणी, त्यात थोडे कोलनवॉटर, रुमालाची चौपदरी घडी आणि ती कपाळावर. घडी गरम झाली की उलटायची, मग पुन्हा बुडवायची. लग्नाला निघताना त्याच बाटलीतले दोन थेंब रुमालावर. तापाला आणि समारंभाला एकच वास. ती वस्तू औषध, प्रसाधन की मद्य, हा प्रश्न वकिली कीस काढण्यासाठी जन्मला नव्हता, तो खरोखर त्या बशीत होता.

मुंबईतला एक नागरिक याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेला. त्याच्या मागणीत विलायती मद्याबरोबर कोलनवॉटर, लॅव्हेंडर वॉटर, औषधी वाइन आणि अल्कोहोलयुक्त औषधे यांचाही उल्लेख होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि 25 मे 1951 रोजी निकाल लागला. न्यायालयाने मद्याची व्याख्या रुंद ठेवायचा राज्याचा अधिकार मान्य केला. दारूबंदीही मोडीत काढली नाही. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगणे, विकणे, वापरणे यांवरची बंदी ही मालमत्तेच्या मूलभूत हक्कावरचे अवाजवी बंधन ठरवून तेवढा भाग रद्द केला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात, पण विधिमंडळांचे अधिकार आणि कायद्याचा दोषी भाग वेगळा काढण्याचे तत्त्व यांसाठी. त्यातली सुगंधाची गोष्ट पानाच्या कडेला पडून राहिली आहे. माझ्या मते निकाल बरोबर होता. सरकारची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. दारूबंदीच्या काळात टिंक्चर आणि फ्रेंच पॉलिश पिणारी माणसे होतीच, मग कोलन कोण सोडणार? पण चार जण पितील म्हणून हजारोंनी तापात कपाळावर घडी ठेवायची नाही, हा न्याय नव्हे.

पुढे 1952 च्या दुरुस्तीने नशेसाठी पिण्याजोगी नसलेली प्रसाधने दारूबंदीतून वगळली गेली. 'पिण्याजोगी नसणे' ही कसोटी तेव्हापासून या धंद्याला चिकटली. 1955 मध्ये अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरच्या अबकारी करासाठी वेगळा केंद्रीय कायदा आला, तो जीएसटी येईपर्यंत म्हणजे 2017 पर्यंत टिकला. बासष्ट वर्षे कराच्या वहीत सेंटची गाठ अल्कोहोलशीच बांधलेली होती. आपल्याकडे मध्यमवर्गाने सेंटला 'श्रीमंती थेर' म्हटले त्यामागे साधेपणाचे संस्कार होते, तशी या कराने चढलेली किंमतही होती.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत कोकणातून आखाती देशांत कामाला गेलेली माणसे सुट्टीवर येताना बॅगेत बाटल्या आणू लागली. मुंबईत मुसाफिरखान्याच्या गल्ल्यांत 'फॉरेनचे सेंट' मिळू लागले. ते लग्नाला, ईदला, फार तर कॉलेजच्या गॅदरिंगला निघायचे. एरवी डबीत, कापसात, कपड्यांच्या घडीखाली. त्यामुळे एकाच बाटलीला घरात एकच प्रसंग ठरून गेला. ती संपेपर्यंत दुसरी येत नव्हती, तेव्हा मूडचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न 1999 नंतर स्वस्त डिओच्या डब्यांनी आणला. रोज लावायचा वास आणि खास दिवशीचा वास अशी पहिली फोड तिथे झाली. मात्र मूड या शब्दाचा अर्थ जाहिरातवाल्यांनी फारच चिंचोळा केला. पुरुषाने फवारा मारावा आणि बायकांनी मागे धावावे, यापलीकडे त्यांना मन दिसले नाही. मे 2011 मध्ये केंद्र सरकारने अशा जाहिरातींवर आक्षेप घेतला. जून 2022 मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीतून सामूहिक बलात्काराकडे निर्देश होतो म्हणून ती समाजमाध्यमांवरून काढायला सांगावे लागले. हे प्रकरण मी विसरू शकत नाही. वास निवडायचे स्वातंत्र्य मिळाले म्हणावे, तर विकणारे बाईला पुन्हा त्याच जागी नेऊन उभे करत होते, जिथे निवड तिची नसते.

आजच्या बाटल्यांवरची नावे आणखी एक गुंता करतात. ओ द परफम, ओ द त्वालेत, कोलन हे शब्द मुळात अर्काचे प्रमाण सांगतात. पहिल्यात अर्क साधारण 15 ते 20 टक्के, दुसऱ्यात त्याहून कमी, कोलनमध्ये जेमतेम 2 ते 4. दुकानदार त्यांचे भाषांतर 'रात्रीचा', 'ऑफिसचा', 'रोजचा' असे करून सांगतो. ते अगदी चूक नाही, बंद एसी केबिनमध्ये गडद वास शेजारच्याला नको होतो. पण प्रसंग बाटलीवर छापलेला नसतो, हे मोहम्मद अली रोडवरचा जुना अत्तरवाला चांगले ओळखतो. तो आधी 'कशासाठी हवंय?' असे विचारतो, मग कोणत्या महिन्यात लावणार ते विचारतो. काचेच्या काडीने पालथ्या हातावर एक रेघ ओढतो, आणि पैसे घ्यायच्या आधी सांगतो, बाजारात एक फेरी मारून या, मग सांगा.