हात लावू का?

ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की सोसायटीच्या सभेत भांडण होतं कार्पेट एरियावरून, आणि घरात भांडण होतं माळ्यावरून. भाड्याच्या तात्पुरत्या घरात बहुधा माळा नसतो. जुन्या घरातल्या माळ्यावर मात्र तीस वर्षांचे दिवाळी अंक, दोन बंद मिक्सर, लग्नातल्या आहेराची न उघडलेली खोकी, जुन्या लुगड्यांचं बोचकं आणि कशाचं तरी एक स्टीलचं झाकण असतं. झाकण टाकवत नाही, कारण ज्याचं ते आहे तो डबा घरातच कुठेतरी असणार.

माळ्यावर वजन किती असतं, याचा हिशेब एकदा करून बघावा. ए-फोर आकाराच्या ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं आणि सुमारे दोन इंच जाड असतं. त्या मापाने दाबून भरलेल्या कागदाचा एक घनफूट बावीस किलोचा होतो. वर्तमानपत्रं आणि मासिकं सैल बसतात, म्हणून निम्मं धरू. तरी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच माळा रद्दीने भरला तर वर सव्वादोनशे किलो जमतात, आणि तेही एका चौरस मीटरपेक्षा थोड्या कमी जागेत. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. माळ्याची फळी किंवा कडाप्पा त्या स्लॅबइतका जाड नसतो.

एवढं ओझं डोक्यावर ठेवून माणसं निवांत झोपतात, याला आळस म्हणून मोकळं होता येत नाही. साठवणारा माणूस अनेकदा घरातला सर्वांत कष्टाळू असतो. पिशव्या धुतो, सुतळी गुंडाळून ठेवतो, खोकी उन्हाला घालतो. अडतं ते ठरवण्यापाशी.

२०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानसंहितेत वस्तू साठवण्याच्या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी तो मंत्रचळाचाच, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार समजला जाई. निदानाची मुख्य खूण वस्तूंची संख्या ही नाही. वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकताना जीव कासावीस होतो, आणि त्यापायी राहत्या जागेचा मूळ वापरच बंद पडतो, ही ती खूण. पलंगावर झोपता येतं का? ओट्यावर पोळी लाटता येते का? जेवणाच्या टेबलावर जेवता येतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर दोन हजार पुस्तकं बाळगणाऱ्याला कुणी रोगी म्हणू नये. तज्ज्ञ यासाठी छायाचित्रांची एक मोजपट्टी वापरतात: स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली यांची प्रत्येकी नऊ चित्रं, वाढत्या पसाऱ्याच्या क्रमाने. आपली खोली चौथ्या चित्रासारखी किंवा त्याच्या पुढे गेली असेल तर मदत घ्यायची वेळ झाली, असं मानतात. निरनिराळ्या, मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तर प्रौढांत या विकाराचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास येतं. सुरुवात बहुधा शाळकरी वयात होते आणि दर दशकागणिक तो वाढत जातो. म्हणून तो दिसतो आजी-आजोबांच्या घरात, पण त्याचं मूळ तिथलं नसतं.

मेंदूत काय घडतं, याचा एक चांगला प्रयोग डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. हा विकार असलेले, मंत्रचळ असलेले आणि निरोगी अशा तीन गटांना स्कॅनरमध्ये ठेवून टपालातून आलेले कागद दाखवले. काही त्यांचे स्वतःचे, काही परक्यांचे. प्रत्येक कागद ठेवायचा की टाकायचा एवढंच सांगायचं होतं, आणि टाकलेल्या कागदाचे खरोखरच तुकडे होणार होते. परक्याच्या कागदाबद्दल ठरवताना साठवणाऱ्यांच्या मेंदूतले अँटेरिअर सिंग्युलेट आणि इन्सुला हे दोन भाग इतरांपेक्षा थंड होते. स्वतःचा कागद समोर आला की तेच भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त तापले. ‘आपण चुकतोय का’ आणि ‘हे किती महत्त्वाचं आहे’ याची जोखणी या भागांकडे असते. म्हणजे जाहिरातीचा कागद हातात आला तरी आत घंटा वाजते ती इस्टेटीची.

सौम्य रूपात ही घंटा सगळ्यांकडेच आहे. कानेमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले आणि किती पैशांत विकाल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते ते विद्यार्थी जेवढे देऊ करत होते त्याच्या दुपटीच्या आसपास किंमत मालकांनी सांगितली. मालकी फक्त काही मिनिटांची होती! सुनेला सासूबाईंचा माळा अर्ध्या तासात रिकामा करता येतो आणि स्वतःच्या कपाटातली कॉलेजातली ओढणी हलवता येत नाही, त्यामागे हेच आहे.

दुसऱ्याचं टाकणं इतकं सोपं असल्यामुळेच घरच्यांची मदत बहुतेक वेळा वाया जाते. आई गावी गेली असताना मुलगा टेम्पो बोलावून घर मोकळं करतो. आई परत येते, आठवडाभर जेवत नाही, आणि वर्षभरात घर पुन्हा भरतं. या वेळी कुलूप लावून. ठरवण्याचा सराव मुलाला झाला, आईला नाही. शिवाय न विचारता वस्तू जातात हे कळल्यावर पकड आणखी घट्ट होते.

उपयोगी पडते ती बरोबरीच्या माणसांची मदत. सॅन फ्रान्सिस्कोत तीनशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही गट मानसशास्त्रज्ञांनी चालवले, तर काही गट स्वतः हा त्रास असलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी. दोन्हीकडे लक्षणं जवळपास सारखीच उतरली. ठाणे-नवी मुंबईत यासाठी नवी रचना शोधायची गरज नाही, भिशी आहेच. चार घरं घ्या. दर शनिवारी एका घरी दीड तास. सोळा आठवड्यांत प्रत्येक घराला चार पाळ्या येतात. मधल्या दिवसांत प्रत्येकीने आपल्या घरी रोज पंधरा मिनिटं काम करायचं आणि बाहेर गेलेल्या पिशवीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. नीट लावलेल्या खोलीचा फोटो नको. तो बघून बाकीच्यांना लाज वाटते आणि पुढच्या शनिवारी कुणालातरी अचानक डोकेदुखी होते.

मदतीला आलेल्यांसाठी नियम एकच, पण कडक. ‘हात लावू का?’ असं विचारल्याशिवाय काहीही उचलायचं नाही. परवानगी मिळाली की मात्र वस्तू मदतनीसाने धरायची, मालकिणीने लांबून बघून ठरवायचं. याला कारण आहे. जोआन पेक आणि सुझान शू यांनी २००९ मध्ये दाखवलं की वस्तूला नुसता स्पर्श केल्यानेही ती आपली वाटू लागते. साडी मांडीवर घेतली की गेली ती साडी परत कपाटात.

जागा निवडताना माळ्यापासून सुरुवात करू नये. तिथे आठवणी जास्त असतात, पडण्याचा धोका असतो, आणि चार तास राबूनही राहत्या घरात फरक दिसत नाही. जेवणाचं टेबल किंवा ओट्याचा दोन फुटांचा तुकडा घ्यावा. चार ढीग: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, ठरत नाही. पाचवा ढीग तयार झाला की समजावं, वस्तू नुसत्या फिरताहेत. साठवणाऱ्यांचं वर्गीकरण फार बारीक असतं. दोन बिलं सारखी नसतात, कारण एकाच्या मागे कुणाचा तरी नंबर लिहिलेला असतो. मग प्रत्येक वस्तूचा वेगळा ढीग होतो आणि संध्याकाळी सगळे ढीग एकावर एक चढतात. उपाय म्हणजे कारण मोठ्याने सांगायचं. मनातल्या मनात ‘लागेल कधीतरी’ पटतं, समोरच्याला ऐकवताना आपलं आपल्यालाच हसू येतं.

श्रीखंडाचे डबे घ्या. एका साध्या ओट्याखाली चौतीस डबे आणि एकवीस झाकणं निघतात. ‘किती हवेत’ हा प्रश्न वाईट, त्याला उत्तर नाही. आधी झाकणं लावून बघायची. जोडी न जमलेलं सगळं सुक्या कचऱ्यात. मग एक खण ठरवायचा आणि त्यात मावतील तेवढ्याच जोड्या ठेवायच्या. इथे मदतनीसाला तीन प्रश्न विचारता येतात: शेवटचा कधी वापरला? असे आणखी किती आहेत? गेला आणि खरंच लागला, तर कुठून आणि कितीला मिळेल? चौथा प्रश्न, म्हणजे ‘अगं, हे कशाला ठेवलंयस?’, बंद. तो प्रश्न नसतोच.

‘ठरत नाही’ला एकच खोकं, दीड फुटाचं. त्यावर मार्करने तीन महिन्यांनंतरची तारीख घालायची. त्या खोक्यात जाणाऱ्या किंवा टाकायच्या अवघड वस्तूंसाठी एक छोटा प्रयोग करता येतो. चिठ्ठीवर लिहायचं: हे गेलं तर मला दहापैकी किती त्रास होईल, आणि किती दिवस? मग टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी व आठवड्याने खरा आकडा लिहायचा. अंदाज आठ-नऊचा असतो. आठवड्याने बहुतेकदा तो दोनवर आलेला असतो, आणि कधी वस्तू कुठली होती तेच आठवत नाही. हा उतार स्वतःच्या अक्षरात दिसला की पुढची वस्तू सोपी जाते. मानसोपचारात हेच तंत्र वापरतात.

दीड तासातली शेवटची पंधरा मिनिटं फक्त बाहेर नेण्याची. ही चुकली की सगळं चुकतं. ‘द्यायचं’ लिहिलेली पिशवी दाराशी दोन दिवस राहिली की ती उघडली जाते, त्यातून एक वाटी परत घरात येते, आणि महिन्याने ती पिशवी फर्निचर होते. म्हणून रद्दीवाल्याला वेळ देऊनच काम सुरू करावं आणि भावासाठी घासाघीस करू नये. दोन रुपयांवरून परत पाठवलेली रद्दी पुढच्या गणपतीपर्यंत घरात असते. बोहारणीच्या बाबतीत सावध राहा. ती जुने कपडे नेते हे खरं, पण बदल्यात पातेलं देते.

काही गोष्टी भंगारात घालू नयेत. फुगलेली बॅटरी असलेला फोन किंवा लॅपटॉप रद्दीबरोबर दाबला गेला तर पेट घेऊ शकतो. तो वेगळा ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा. मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे हा घरगुती घातक कचरा. तो ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा.

कागदपत्रांची भीती मात्र रास्त आहे आणि इथे घाई करू नये. नोंदणी केलेला करारनामा, इंडेक्स टू म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, वाशी-नेरूळकडच्या घरांसाठी सिडकोचं वाटपपत्र आणि भाडेपट्टा करार, हे कायमचं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पिवळा पडलेला, कडा खाल्लेला असला तरी लॅमिनेट न करता जपावा. नातवंडांच्या जात पडताळणीच्या वेळी अशाच जुन्या नोंदी पुरावा म्हणून लागतात. आयकराचे कागद सात-आठ वर्षं ठेवले तरी पुरे. विजेची बिलं वर्षभराची. वॉरंटी संपलेल्या फ्रिजचं माहितीपुस्तक, लग्नाच्या आलेल्या पत्रिका, बंद झालेल्या खात्यांची पासबुकं असा बाकीचा ढीग मोठा दिसतो, पण तो उपसायला तासही लागत नाही. ठेवायचे कागद सगळे मिळून एका फाइलपेटीत बसतात.

हे सगळं जूनच्या आधी करणं बरं. पावसाळ्यात ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांवर राहते. भिंतीला टेकलेल्या खोक्यांत बुरशी धरते, कसर पुस्तकांच्या बांधणीतली खळ खाते, आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांतून झुरळांना आयती खोली मिळते. बाल्कनीतल्या फुटक्या बादल्यांकडे आधी बघावं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या बादलीला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. बादली नुसती रिकामी करून भागत नाही, घासावी लागते.

आत येणारा ओघ न थांबवता बाहेर काढणं म्हणजे गळक्या होडीतून वाटीने पाणी उपसणं. संक्रांत ते रथसप्तमी या काळात हळदीकुंकवाच्या वाणाने एका घरात वीस-पंचवीस प्लॅस्टिकच्या वस्तू सहज येतात. भिशीने ठरवून वाण म्हणून तीळ, गूळ किंवा धान्य द्यावं, संपून जाणारं. खरेदीच्या ओढीसाठी एक कसरत आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात दोघींनी जायचं, आवडलेली वस्तू हातात न घेता तिच्यासमोर उभं राहायचं आणि ओढ दहापैकी किती आहे ते दर पाच मिनिटांनी सांगायचं. वीस मिनिटांत आकडा आपोआप खाली येतो. दुकानदार वैतागतो, हे खरं.

घरातली व्यक्ती काहीच टाकायला तयार नसेल तर सफाईचा हट्ट सोडून निदान सुरक्षिततेवर बोलावं. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून संडासापर्यंत तीन फुटांची वाट मोकळी. शेगडीभोवती तीन फूट कागद-कापड नाही. ढीग छातीच्या वर नाही. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या नोंदींत अशी भरलेली घरं निवासी आगींमध्ये पाव टक्काच होती, पण टाळता आल्या असत्या अशा आगीतल्या मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा त्यांतला होता. वाट मोकळी करायची असेल तर वस्तू टाकाव्याच लागतात असं नाही, सरकवल्या तरी चालतं, आणि सरकवायला माणसं तयार होतात.

यासोबत उदासी, सतत विसरणं किंवा घरात कुणालाच येऊ न देणं दिसलं तर भिशीवर भागणार नाही. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. उतारवयात हे अचानक सुरू झालं असेल तर आधी स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्यावी, कारण तो वेगळा आजार आहे.

सतराव्या शनिवारी पाळी पुन्हा पहिल्या घराची येते. टेबलाचा निम्मा भाग तोवर परत भरलेला असतो, आणि हे दर गटात होतं. चहा बाजूला ठेवायचा, दोन फुटांची जागा आखायची आणि विचारायचं, हात लावू का?