पहिल्यांदाच गाडी घेऊन कॅम्पिंगला निघताय? सामान भरण्याआधी एवढं वाचून घ्या

तंबू भाड्यानं न्यायला येणारे बरेच जण आमच्याकडे सामानाची यादी मागतात. पूर्वी आम्ही एक छापील यादी देतही होतो. पण यादीत चाकू, चमचा, चादर सगळं एकाच मापाचं दिसतं, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूवर खूण करून निघालेली मंडळी रात्रभर कुडकुडून परत आलेली आम्ही पाहिली. म्हणून यादी बंद करून हे पत्रक काढलं. पहिल्या खेपेला सामान आधी झोपेच्या हिशोबानं भरा, बाकीचं त्यानंतर. झोप नीट झाली तर विसरलेल्या झाऱ्याची कुणाला आठवणही होत नाही. झोप झाली नाही, तर मुलं पुन्हा यायला तयार होत नाहीत.

पांघरुणाआधी अंथरूण

नवखी माणसं पांघरुणं भरपूर घेतात. तंबूत मात्र थंडी खालून चढते. आमच्या स्वतःच्या पहिल्या रात्री खाली हवेनं फुगवायची गादी होती आणि अंगावर दोन जाड रजया. पहाटे तीनच्या सुमाराला पाठ गारठलेली आणि छातीला घाम, अशी अवस्था झाली. या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिलो. शेवटी एक रजई काढून अंगाखाली घातली, तेव्हा कुठे डोळा लागला.

असं होतं, कारण गादीतली हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी पाठीखालचं तिचं भरण दबून चपटं होतं, आणि ऊब धरून ठेवायला त्यात हवाच उरत नाही. त्यामुळे फोमची मॅट प्रत्येकी एक तरी हवीच. फुगवायची गादी नेणार असाल, तर मॅट गादीच्या वर घाला. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ म्हणून आकडा छापलेला असतो. तो जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आकड्यांची बेरीज होते, म्हणून थंडीच्या दिवसांत दोन स्वस्त मॅटही चांगलं काम देतात.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर बहुधा दोन तापमानं असतात, एक ‘कम्फर्ट’चं आणि एक ‘लिमिट’चं. बॅग निवडताना कम्फर्टचाच आकडा धरा. लिमिटच्या तापमानाला अंग आखडून कशीबशी रात्र निघते. डोंगरावर जाणार असाल, तर दर हजार मीटर चढाला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं हेही हिशोबात घ्या. पायथ्याच्या गावाचा हवामान अंदाज वरच्या मुक्कामाला लागू पडत नाही.

झोपायचे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि अंधार पडल्याशिवाय ती उघडू नका. दिवसभराच्या घामानं दमट झालेला सुती कपडा रात्री अंगाची ऊब खेचून घेतो. मोजे आणि कानटोपीही त्याच पिशवीत टाका.

तंबू एकदा घरी उभा करून बघा

‘चार माणसांचा’ तंबू म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून मावतील एवढी जागा, सामान सोडून. चौघांसाठी सहाचा तंबू न्या, असंच आम्ही सांगतो.

मग तो अंगणात, गच्चीवर, जागा नसेल तर दिवाणखान्यात तरी निदान पसरून बघा. दांड्या जोडा, खुंट्या मोजा. खुंटीचं डोकं तंबूपासून दूर कलेल अशी तिरकी ठोका, म्हणजे दोरी आणि खुंटी यांत काटकोन होईल. सरळ उभी ठोकलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झोतात उपटून येते. तंबूखाली घालायची ताडपत्री तळापेक्षा किंचित लहान ठेवा, मोठी असेल तर कडा आत दुमडा. बाहेर डोकावणाऱ्या ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं.

डिकी भरताना

जे उतरल्यावर सगळ्यात आधी लागणार, ते सगळ्यात शेवटी भरायचं. म्हणजे तंबू, खुंट्या आणि हातोडी वरच हवी. डोक्याला लावायची बॅटरी डिकीत टाकूच नका, ती पुढच्या कप्प्यात ठेवा. उशीर होऊन अंधारात पोचलात, तर बॅटरी शोधायला बॅटरी लागेल.

पिणं, स्वयंपाक आणि धुणं मिळून माणशी रोज 4 लिटर पाणी धरा. चौघांचं दोन दिवसांचं पाणी 32 लिटर, म्हणजे 32 किलो झालं. हे कॅन तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा आणि हलणार नाहीत असे आवळा. जड सामान टपावर बांधलं की वळणावर गाडी झुकते. निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. भरलेल्या गाडीच्या टायरना हवा किती, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. आईसबॉक्स आदल्या रात्रीच बर्फ घालून गार करून ठेवा. पाण्याच्या बाटल्या गोठवून आत घातल्या, तर त्यांचा बर्फ सुट्या तुकड्यांपेक्षा जास्त टिकतो आणि वितळल्यावर पाणी पिता येतं. नाशवंत पदार्थ तळाशी ठेवा. पेयांसाठी दुसरा डबा करा, कारण तो सारखा उघडला जातो. रात्री सगळं खाणं गाडीत बंद करा, तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको.

हे मात्र कळकळीनं सांगतो

शेगडी, पेटता कंदील किंवा धगधगते निखारे तंबूत घेऊ नका. पाऊस असो, थंडी असो, ‘पाचच मिनिटं’ असोत, घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि धोका कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. तंबूचं दार उघडं ठेवूनही हा धोका टळत नाही. विझत आलेले निखारेसुद्धा हा वायू सोडत राहतात. गाडीत झोपणार असाल, तर हीटरसाठी इंजिन चालू ठेवू नका. ऊब हवी असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. तंबूची वरची खिडकी थोडी उघडी राहू द्या, नाहीतर श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून सकाळी सगळं ओलं होतं.

परत आणताना

तंबू वाळवायला वेळ मिळाला नाही, तर ओला आणा, पण काउंटरवर तसं सांगा. आम्ही तो त्याच दिवशी पसरून वाळवतो. ओला तंबू पिशवीत गुंडाळून डिकीत पडून राहिला, तर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते आणि तो वास मग काही केल्या जात नाही. खुंटी हरवली असेल, दांडी वाकली असेल, तर तेही सांगा. तुमच्यानंतर तोच तंबू घेऊन दुसरं कुणीतरी पहिल्यांदा निघणार असतं.